इंजिन, विहीर आणि परसबाग

संपादक मंडळातली मुले लेख मागायला आली तेव्हा म्हणाली, "सर, काहीतरी टेक्निकल द्या, पण मराठीत द्या, आणि वाचताना झोप येणार नाही असं द्या." तिन्ही अटी एकदम पाळणे कठीण आहे. वर्कशॉपच्या माणसाने हातात फाईल धरावी, पेन नव्हे! तरीही प्रयत्न करतो. विषय माझ्या दोन आवडीच्या गोष्टींचा आहे, एक डिझेल इंजिन आणि दुसरी परसबाग. या दोघांचा एकमेकांशी काय संबंध, असे तुम्ही विचाराल. संबंध आहे, आणि तो विहिरीतून जातो.

आपल्या आय. सी. इंजिन लॅबमधले सिंगल सिलिंडर, वॉटर कूल्ड इंजिन तुमच्या चांगल्या ओळखीचे आहे. १५०० आर.पी.एम., एका बाजूला डायनॅमोमीटर, दुसऱ्या बाजूला डिझेलची काचनळी. रीडिंग कुणी एकाने घ्यायचे आणि बाकीच्या वीस जणांनी जर्नलमध्ये उतरवायचे, ही आपली थोर परंपरा! पण हे इंजिन मूळचे लॅबमधले नाही. ते शेतातले आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ साली पुण्यात सुरू झाली आणि तिची ही लहान इंजिने गावोगाव विहिरींवर बसली. लॅबमध्ये ती नंतर आली. म्हणजे ज्या यंत्रावर तुम्ही 'ब्रेक थर्मल एफिशिअन्सी' काढता, त्याच जातीच्या यंत्रावर कित्येकांच्या आजोबांनी ऊस आणि केळी काढली आहे.

माझे गाव नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात. माझ्या लहानपणी आम्ही धुळे जिल्ह्यातले होतो. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार वेगळा जिल्हा झाला. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला तापी, आणि मधे काळ्याभोर गाळाच्या जमिनीचा पट्टा. गोमाई नदी जिथे तापीला मिळते ते प्रकाशे आमच्यापासून लांब नाही. गुजरातची हद्दही जवळच, त्यामुळे आमच्या विहिरीवरचे इंजिन पुण्याचे नव्हते, राजकोटचे होते. मूळ घराणे मात्र विलायती. इंग्लंडमध्ये डर्स्ली गावच्या लिस्टर कंपनीने १९३० च्या सुमारास एक संथ चालीचे, अतिशय दणकट डिझेल इंजिन काढले. पुढे राजकोटच्या कारखान्यांनी त्याच धर्तीवर इंजिने बनवली, आणि मूळ कंपनीने ते बनवणे थांबवले तरी राजकोटवाले बनवतच राहिले. दोन बाजूंना दोन जाडजूड फ्लायव्हील, मधे एक उभा सिलिंडर, आणि वेग फक्त ६५० फेऱ्या.

टुकटुक म्हणजे नेमके काय?

या इंजिनाला स्पार्क प्लग नसतो. सिलिंडरमधली हवा पिस्टन इतकी दाबतो की ती पाचशे अंशांच्या वर तापते. त्या तापलेल्या हवेत डिझेलचा बारीक फवारा गेला की तो आपोआप पेटतो. हे पुस्तकात सगळ्यांनी वाचले आहे. पण ही हवा दाबायला किती जोर लागतो, ते हँडल मारल्याशिवाय कळत नाही! म्हणून सुरू करताना एक छोटी कळ उचलून एक्झॉस्टची झडप उघडी धरायची. मग हवा दाबलीच जात नाही, आणि दोन हातांनी हँडल गरगरा फिरवता येते. फ्लायव्हीलने पुरेसा वेग घेतला की कळ सोडायची, पहिला 'टुक्' निघतो आणि हँडल झटकन काढून घ्यायचे. या कामात ज्याचे लक्ष नसेल त्याचे मनगट गेलेच. आमच्या आळीत अशी दोन मनगटे होती.

आता गणित बघा. फोर स्ट्रोक इंजिनात दोन फेऱ्यांत एकदा स्फोट. ६५० फेऱ्यांत ३२५ स्फोट, म्हणजे सेकंदाला पाच-साडेपाच. लॅबमधल्या इंजिनात सेकंदाला साडेबारा. तुमची बाईक ६००० फेऱ्यांवर पळते तेव्हा तिचा एक सिलिंडर सेकंदाला पन्नास वेळा उडतो, आणि कानाला नुसती घरघर ऐकू येते. सेकंदाला पाच म्हणजे माणसाला जवळजवळ मोजता येईल असा ठेका. प्रत्येक स्फोट वेगळा ऐकू येतो. म्हणूनच त्या इंजिनाचा आवाज 'टुक टुक टुक' असा येतो, आणि म्हणूनच त्याचे निदान कानाने करता येत असे.

कानाचा डायनॅमोमीटर

आमचे आबा, म्हणजे आजोबा, चौथी शिकलेले. गव्हर्नर हा शब्द त्यांनी फक्त राज्यपालांच्या संदर्भात ऐकला असावा. पण इंजिनाचा गव्हर्नर काय करतो हे त्यांना पक्के माहीत होते. भार वाढला की वेग किंचित पडतो, गव्हर्नरची वजने आत येतात, डिझेल जास्त सुटते, ठोका जड होतो. भार गेला की वजने बाहेर फाकतात, डिझेल कमी होते, ठोका हलका होतो. जेम्स वॉटने १७८८ साली वाफेच्या इंजिनाला गव्हर्नर बसवला, तेव्हापासूनची ही युक्ती.

आबा शेताच्या दुसऱ्या टोकाला, फावड्याने बारे फोडत असायचे. इंजिन तिथून दिसत नसे. मधेच थांबून ते मान वर करायचे आणि म्हणायचे, "पाणी तुटलं." आम्ही पोरे पळत विहिरीवर जायचो, तर खरेच, पंपाने हवा धरलेली! झाले असे, की पंपात हवा शिरल्यावर पाणी उचलण्याचा भार गेला, गव्हर्नरने डिझेल आवळले आणि 'टुक' जड होता तो पोकळ झाला. पाटातले पाणी आटायला अजून पाच मिनिटे होती, पण बातमी आवाजाने आधीच पोचवली. मी एकदा विचारले, "आबा, तुम्हाला कसं कळतं?" ते अहिराणीत एवढेच म्हणाले, "तो बोलस, तू आयक." तो बोलतोय, तू ऐक. व्हायब्रेशन अॅनालिसिसवर पुढे मी बरेच वाचले, पण याहून थोडक्यात कुणी सांगितल्याचे आठवत नाही.

मग पंप पुन्हा भरणे आले. सक्शन पाइपच्या तळाशी एक झडप असते, फूट व्हॉल्व्ह. गावच्या तोंडी तो 'फुटबॉल'. त्यात काडीकचरा अडकला की पाइपातले पाणी खाली निसटते. बादल्यांनी पाइप भरायचा, गळत्या सांध्यांवर शेणाचा लेप द्यायचा, आणि पुन्हा हँडल.

बावीस फुटांची मर्यादा

आता मुख्य मुद्द्यावर येतो. पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो, पण खरे तर पंप पाइपातली हवा कमी करतो आणि विहिरीच्या पाण्यावर बसलेले वातावरण ते पाणी वर ढकलते. वातावरणाचा हा जोर पाण्याच्या फार तर १०.३ मीटर उंच स्तंभाला पेलतो. इटलीतल्या पंप करणाऱ्या कारागिरांना हे अनुभवाने माहीत होते. त्याचे कारण टॉरिचेलीने १६४३ च्या सुमारास पाऱ्याच्या नळीवरून दाखवले. प्रत्यक्षात पाइपमधले घर्षण, बेंड, सांध्यांतली गळती आणि पाण्याची वाफ हे सगळे वजा केले की जेमतेम सहा-सात मीटर उरतात, म्हणजे वीस-बावीस फूट. इंजिन पाच अश्वशक्तीचे असो की पंधराचे, काठावर बसलेला पंप यापेक्षा खोलवरचे पाणी ओढू शकत नाही. तिथे पैसा चालत नाही आणि वशिलाही चालत नाही.

यावर गावाने एक उपाय काढला होता. विहिरीच्या आत खाली एक कप्पा खोदायचा आणि इंजिन-पंप तिथे उतरवायचा. आमचेही उतरवले होते. पण हे काम जोखमीचे. इंजिनाचा धूर विहिरीतच कोंडला तर खाली उतरलेला माणूस गुदमरतो, म्हणून धुराड्याचा पाइप विहिरीबाहेर काढावाच लागे. शिवाय आणखी किती खाली जाणार? पुढच्या पावसात पाणी चढले की इंजिनच बुडायचे. मग इंजिन वर काढायला साखळ्या, तिपाई आणि आळीतली दहा माणसे.

म्हणजे विहिरीतले पाणी एका ठरावीक पातळीखाली गेले की इंजिन स्वतःच हात टेकायचे. तेव्हा आम्हाला त्याचा राग यायचा. आज मागे वळून बघताना वाटते, इंजिनाची ही मर्यादा म्हणजेच विहिरीची राखण होती. उरलेले पाणी कुणाला काढताच येत नसे, म्हणून ते उरत होते. त्यावर गुरे जगत, घरे जगत, आणि परसबागही जगे.

खर्चाचाही लगाम होता. पाच अश्वशक्तीतले निम्मे जरी पाण्याला मिळाले आणि एकूण उंची दहा मीटर धरली, तर सेकंदाला सुमारे १९ लिटर पाणी येते, म्हणजे तासाला ६८ हजार लिटर. एकराला दोन इंच, म्हणजे ५ सेंटिमीटर पाणी द्यायचे तर दोन लाख लिटर लागतात. म्हणजे तीन तास. आबांचा हिशेबही 'एकराला तीन तास' असाच होता, पाठ्यपुस्तकाशिवाय! तासाला लिटरभराहून थोडे जास्तच डिझेल जळायचे. ते डिझेल कॅनने सायकलवरून आणायचे. त्यामुळे एकही तास उगाच चालत नसे. पाटाला उंदराचे बीळ पडले तर आबा स्वतः चिखल थापत बसायचे.

लगाम सुटला

नव्वदीच्या शेवटी आमच्याकडे बोअर झाली आणि तिच्यात सबमर्सिबल पंप उतरला. हा पंप पाणी ओढत नाही, खालून ढकलतो. त्यामुळे १०.३ मीटरचा कायदा त्याला लागू होत नाही. शंभर फूट असो की तीनशे, वरून फक्त बटण. हँडल नाही, फुटबॉल नाही, धूर नाही. घरच्यांचे कष्ट वाचले, हे मी विसरत नाही. जुने ते सोने म्हणून डोळे पुसण्याचा माझा स्वभावही नाही. हातावर घट्टे पडलेल्या माणसाला विचारा, तो कुठले यंत्र निवडेल!

पण बटणाबरोबर कान गेला. पंप जमिनीखाली तीनशे फुटांवर, त्याचा आवाज कुणाला ऐकू येणार? वीज रात्री येते म्हणून पुढे ऑटो स्टार्टर आले. वीज आली की पंप आपोआप सुरू, माणूस घरी झोपलेला. पाण्याच्या प्रत्येक तासामागे डिझेल मोजावे लागत होते, तेही गेले. शेतीपंपाला बरीच वर्षे अश्वशक्तीवर आकारणी होती, आणि २०२४ साली राज्याने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांसाठी मोफत विजेची योजना आणली. केंद्राच्या २०१९ च्या कुसुम योजनेतून आलेल्या सौरपंपाला तर इंधनाचा खर्चच नाही. शेतकऱ्याचा खिसा वाचतो हे चांगलेच आहे. फक्त एवढेच, की पूर्वी यंत्र, खर्च आणि मनगट मिळून जो ब्रेक लावत होते, तो आता कुठेच नाही. तो माणसाने स्वतः लावायचा आहे.

आमची जुनी विहीर गेली काही वर्षे उन्हाळ्यात कोरडी असते. पहिली बोअर आटली, दुसरी हवा-पाणी मिसळून फेकते. गेल्या दिवाळीत धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, तिसरी बोअर मारावी लागेल. भंगारवाला इंजिनाला किलोवर भाव देतोय, तेवढाच हातभार." त्याचे चूक आहे असे मी कसे म्हणू? बागेत केळी उभी आहे, तिला 'पुढच्या पावसापर्यंत थांब' म्हणून सांगता येत नाही. मी एवढेच विचारले, "पाणी कितलं शे?" पाणी किती आहे? त्याच्याकडे उत्तर नव्हते. घरात मोबाईल पाच, पण बोअरमध्ये पाणी किती फुटांवर आहे ते कुणालाच माहीत नाही! शेवटी ठरले असे, की दर पौर्णिमेला दोरीला वजन बांधून दोन्ही बोअरची आणि विहिरीची पातळी मोजायची, वहीत लिहायची. शेजारच्या शिरपूर तालुक्यात भूजलतज्ज्ञ सुरेश खानापूरकर यांनी नाले रुंद आणि खोल करून पाणी जिरवले, 'शिरपूर पॅटर्न' म्हणून ते काम गाजले. तसे काही आमच्या नाल्यावर होईल का, हेही आकडे हातात आल्यावरच कळेल. वहीत सध्या सहा ओळी आहेत. तिसऱ्या बोअरचा निर्णय वर्षभर पुढे ढकलला आहे. इंजिन तूर्त शेडमध्येच आहे.

मायची परसबाग

या सगळ्यात एक गोष्ट कधीच आटली नाही, ती म्हणजे आमच्या मायची परसबाग. घराच्या मागे दहा मीटर बाय पाच मीटरची जागा. वांगी, मिरच्या, गिलके, चवळी, अंबाडी, कुंपणावर गंगाफळाचा वेल, मोरीच्या तोंडाशी अळू आणि केळी, कोपऱ्यात शेवगा. खान्देशी माणसाला भरीत आणि कळण्याची भाकरी मिळाली की बाकी जगाचे काही पडलेले नसते, त्यामुळे वांग्यांना मानाची जागा. मेसच्या वांग्याला नावे ठेवणाऱ्यांनी आमच्या मायच्या हातचे भरीत एकदा खावे. मग नावे ठेवण्याचा खरा अधिकार मिळेल!

ही बाग जगली कशावर? उरलेल्या पाण्यावर. पुन्हा हिशेब करू. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर एक लिटर. पन्नास चौरस मीटरच्या बागेला उन्हाळ्यात रोज पाच मिलिमीटर धरले तर २५० लिटर. घरात पाच माणसे, प्रत्येकाचे आंघोळ, कपडे आणि भांड्यांचे मिळून ५० लिटर. झाले २५० लिटर! मायने हे गणित कधी केले नाही, पण बाग नेमकी तेवढीच ठेवली. एक वाफाही जास्त नाही. शेजारीण म्हणायची, "आणखी दोन वाफे कर ना." माय म्हणायची, "मोरीला विचार." पाणी मोरीतून जेवढे येईल तेवढीच बाग, हा तिचा नियम. आबांचे इंजिन बावीस फुटांवर थांबायचे, मायची बाग मोरीवर थांबायची. दोघांनाही आपली हद्द माहीत होती.

मोरीपासून लांबच्या रोपांसाठी तिने मडकी पुरली होती. साधे, भाजलेले पण चकाकी न दिलेले, पाझरणारे मडके गळ्यापर्यंत मातीत पुरायचे, पाण्याने भरायचे, वर झाकण. माती कोरडी असली की ती मडक्याच्या भिंतीतून पाणी शोषते. माती ओली झाली की शोषण मंदावते. कुणी नळ बंद करायला नको. भार वाढला की पुरवठा वाढतो, भार कमी झाला की पुरवठा कमी होतो. ओळखलेत? हा तर गव्हर्नर! एक ओतीव लोखंडाचा, दुसरा मातीचा, तत्त्व तेच. कुंभाराकडून मडके आणताना माय बोटाने टिचकी मारून आवाज ऐकायची. ऐकणे दोघांचेही सारखेच.

हॉस्टेलच्या मागचा तुकडा

आता हा लेख हॉस्टेलच्या मुलांनी का वाचावा? कारण गेली चार वर्षे हॉस्टेलच्या मागे मी जो खटाटोप करतो आहे, तो याचाच आहे. 'सर मेसचं पाणी कुठे नेतात?' असे बरेच जण विचारतात, तर ऐका. समजा, दोनशे मुले जेवली आणि प्रत्येक ताटामागे दोन लिटर पाणी लागले, तर एका जेवणाला ४०० लिटर. ते गटारात जात होते. आता ते आधी एका टाकीत थांबते, तिथे तेल-तूप वर तरंगते, ते आठवड्याला काढून टाकतो. मग विटांचे तुकडे आणि खडीच्या खड्ड्यातून पाणी कर्दळ, अळू आणि केळीच्या वाफ्यात जाते. तिथून पुढे शेवगा, लिंबू, पपई. मेथी-कोथिंबिरीसारख्या पाल्याला मात्र हे पाणी देत नाही, त्यांना साधेच पाणी. कच्चे खायच्या भाजीला सांडपाणी नको, आणि खड्ड्यात पाणी साचू द्यायचे नाही, नाहीतर आधी डास होतील आणि मग रेक्टर येतील! साबणाच्या पाण्याने माती घट्ट होऊ नये म्हणून अधूनमधून साध्या पाण्याची पाळी द्यायची आणि वाळलेला पालापाचोळा पसरायचा. पाचोळा जाळू नका, मला आणून द्या, ही जाता जाता विनंती.

सकाळी सहाला तिकडे या. सबमिशनच्या आदल्या रात्री जागून डोळे लाल झालेले असतील तरी या. केळीच्या पानावरून दव टपकत असते, शेवग्याला पांढरा फुलोरा आलेला असतो, आणि मातीत बोट खुपसून 'आज पाणी हवे की नको' हे ठरवायचे असते. त्या एका मिनिटात डोक्यातला बॅकलॉग निघून जातो. कागदावरचा नाही जात, त्याला अभ्यासच करावा लागतो.

भावाने होकार दिला तर इंजिन वर्कशॉपमध्ये आणायचा विचार आहे. ते नुसते रंग देऊन गेटसमोर उभे करायचे नाही. ते उघडायचे, साफ करायचे आणि महिन्यातून एकदा चालवायचे. हँडल कसे मारायचे ते मी शिकवीन, मनगटाची काळजी घेऊन. लॅबमधल्या इंजिनाला लोड देऊन डोळे मिटा आणि ठोका कसा बदलतो ते आधी ऐका, मग रीडिंग घ्या.

सध्या बागेत दोन वाफे रिकामे आहेत. ज्यांना हवेत त्यांनी नाव नोंदवावे. अट एकच: आधी आठवडाभर आपल्या बाथरूमच्या बादल्या मोजायच्या आणि तो आकडा मला आणून द्यायचा. वाफा किती मोठा द्यायचा ते त्यावरून ठरेल.